खांदेदुखी : शेकापेक्षा व्यायामाचा गुण मोठा

द्राक्षबागांची ऑक्टोबरची छाटणी उरकली आणि वेलींवर घड दिसू लागले, की आमच्या जुन्नर-आंबेगाव भागातल्या दवाखान्यांतून एक तक्रार हटकून ऐकू येते. "डॉक्टर, हात वर नेला की खांद्यात कळ येते. रात्री त्या कुशीवर झोपताच येत नाही." मांडवाखाली उभे राहून फेलफूट काढणे, घडांची विरळणी करणे ही कामे दिवसच्या दिवस हात डोक्याच्या वर धरून करावी लागतात. टोमॅटोच्या पट्ट्यात वेल तारेला बांधण्याचे काम असते आणि वीस-वीस किलोचे क्रेट गाडीत चढवायचे असतात. पश्चिमेकडच्या डोंगरी भागात उन्हाळ्यात झाडावर चढून बाळहिरडा तोडतात. गवंडी, रंगारी, वायरमन आणि फळ्यावर लिहिणारे शिक्षकही या यादीत येतात.

हे दुखणे जीवघेणे नाही. पण ज्याचे घर रोजंदारीवर चालते, त्याचा उजवा खांदा ऐन हंगामात आखडला तर चुलीवर परिणाम होतो. म्हणून माणूस मिळेल तो उपाय करतो. मेडिकलमधून गोळ्या आणतो, तेल लावून मालिश करून घेतो, कोणी सांगितले म्हणून दहा दिवस मशीनचा शेक घेतो, मग खांद्यात सुई. एवढ्याने भागले नाही की पुण्याला जाऊन एमआरआय, आणि शेवटी ऑपरेशनची भाषा. या वाटेवर पैसा खूप जातो. मात्र ज्या उपायाचा खरा भरवसा आहे तो बहुतेकांना कोणी नीट शिकवलेलाच नसतो. तो उपाय म्हणजे मापात केलेला, रोजचा, किमान बारा आठवडे चालवलेला व्यायाम. आजच्या लेखात त्याचीच माहिती घेऊ.

खांद्याची रचना

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा पाठीवरच्या फऱ्याच्या हाडातील एका उथळ खोबणीत बसलेला असतो. ही खोबण बशीसारखी उथळ असल्यामुळे हात चहूकडे फिरतो. पण त्याच कारणाने गोळा जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडांपेक्षा स्नायूंना करावे लागते. हे काम करणारे चार छोटे स्नायू फऱ्यापासून निघून गोळ्याभोवती कफासारखे गुंडाळलेले असतात. त्यांना एकत्रितपणे 'रोटेटर कफ' म्हणतात. स्नायू जिथे हाडाला चिकटतो तो दोरीसारखा चिवट भाग म्हणजे कंडरा.

गोळ्याच्या वर फऱ्याच्याच हाडाचे एक टोक छपरासारखे पुढे आलेले असते. छप्पर आणि गोळा यांच्यामधल्या अरुंद जागेतून वरची कंडरा जाते. तिथे घर्षण होऊ नये म्हणून निसर्गाने एक पातळ, वंगण असलेली पिशवीही ठेवलेली आहे. हात बाजूने वर नेताना ही जागा आणखी कमी होते. त्या वेळी कंडरा किंवा पिशवी तिथे चिमटली जाते व कळ येते, अशी समजूत असल्यामुळे या दुखण्याला 'इम्पिंजमेंट' हे नाव पडले.

दुखते कशामुळे?

अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. चार्ल्स नीर यांनी १९७२ साली ही कल्पना मांडली. छपराचे हाड कंडरेला घासते, म्हणून ते खालून तासून जागा मोठी करावी, असे त्यांचे म्हणणे होते. ते पटण्यासारखे होते, आणि पुढील चार दशकांत जगभर अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्या.

आता हे चित्र बदलले आहे. हाड घासणे हे एकमेव कारण नाही, किंबहुना बहुतेकांत ते मुख्य कारणही नाही, असे आज मानले जाते. मूळ अडचण कंडरेच्या ताकदीची आणि तिच्यावर पडणाऱ्या ओझ्याची आहे. वर्षभर हलकी कामे करणारा हात हंगामात एकाएकी दिवसाचे आठ तास वर धरला, तर कंडरेला ते ओझे पेलत नाही. वय, मधुमेह, तंबाखू यांमुळे तिची झीज भरून येण्याची शक्तीही कमी होते. कफाचे स्नायू थकले की गोळा जागेवर नीट धरला जात नाही आणि दुखणे वाढते.

ज्या बैलाला ओढायची सवय नाही त्याला एकदम भरली गाडी जुंपली तर तो बसतो. त्याला कायमचा गोठ्यात बांधून ठेवला तरी त्याच्यात ताकद येत नाही. थोडे-थोडे ओझे वाढवत नेले तरच तो तयार होतो. कंडरेचेही असेच आहे.

ओळखायचे कसे?

हे दुखणे साधारणपणे चाळिशीनंतर दिसते. दुखण्याची जागा खांद्याची पुढची व बाहेरची बाजू असून कळ दंडाच्या मध्यापर्यंत उतरते. केस विंचरणे, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, फडताळावरचा डबा काढणे, एस.टी.त वरचा दांडा धरणे अशा वेळी दुखते. हात बाजूने वर नेताना सुरुवातीला दुखत नाही, खांद्याच्या पातळीच्या आसपास कळ येते आणि हात पूर्ण वर गेला की ती पुन्हा कमी होते.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. अंग सैल सोडून उभे राहावे आणि घरातील दुसऱ्या माणसाने दुखरा हात हळूहळू वर उचलावा. थोडे दुखले तरी तो बहुतेक पूर्ण वर जात असेल, तर हे दुखणे कंडरेचे असण्याची शक्यता अधिक. आता कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवावे आणि दुसऱ्याने पंजा बाहेरच्या बाजूला फिरवून पाहावा. दुसऱ्याने फिरवूनही हात अडत असेल, तर तो 'फ्रोझन शोल्डर' म्हणजे आखडलेला खांदा असू शकतो. मधुमेही रुग्णांत तो जास्त आढळतो आणि त्याचे उपचार थोडे वेगळे असतात. कळ कोपराच्या खाली बोटांपर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर वाढत असेल, तर दोष मानेत शोधावा लागतो.

या खुणा असल्यास थांबू नये

१) चालताना, चढ चढताना डावा खांदा, छाती किंवा जबडा भरून येणे, घाम फुटणे. हे हृदयाचे असू शकते. लगेच दवाखाना गाठावा.
२) पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात आपल्या ताकदीने वर उचलताच न येणे. कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी महिनोन्‌महिने व्यायाम करत बसू नये, अस्थिरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावे.
३) खांदा लाल, गरम, सुजलेला आणि बरोबर ताप.
४) वजन घटणे, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम. सांध्याचा क्षय किंवा दुसरा गंभीर आजार नाही ना, हे पाहावे लागते.
५) विडी-सिगारेट ओढणाऱ्याला खांद्यात सतत, बसूनही न थांबणारे दुखणे आणि पंजाची ताकद कमी होणे. छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.
६) जेवणानंतर उजव्या खांद्यात कळ व पोटात उजवीकडे वर दुखणे. पित्ताशयातील खड्यांमुळे असे होऊ शकते.

शस्त्रक्रिया, सुई आणि शेक : अनुभव काय सांगतो?

इंग्लंडमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात खांदेदुखीच्या ३१३ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचे हाड दुर्बिणीने तासले. दुसऱ्या गटात दुर्बीण घालून फक्त पाहिले, तासले काहीच नाही. आपल्याला यांपैकी काय केले हे रुग्णांना माहीत नव्हते. तिसऱ्या गटावर कोणताही उपचार केला नाही. सहा महिन्यांनी पाहिले तर हाड तासलेले आणि न तासलेले यांच्या दुखण्यात फरक नव्हता. उपचार न केलेल्यांपेक्षा ते किंचित बरे होते, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता. फिनलंडमधील अभ्यासातही त्याच वर्षी तसेच आढळले. त्यानंतर २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने अशा दुखण्यासाठी हाड तासण्याची शस्त्रक्रिया करू नये, असा स्पष्ट सल्ला दिला. अपघाताने तुटलेल्या कंडरेची शस्त्रक्रिया ही वेगळी गोष्ट आहे, तिला हा सल्ला लागू नाही.

व्यायामाचे काय? स्वीडनमधील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या यादीत नाव असलेल्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सर्वांना सुरुवातीला एक सुई दिली. अर्ध्यांना कफाचे व फऱ्याचे स्नायू बळकट करणारे नेमके व्यायाम बारा आठवडे दिले, तर उरलेल्यांना मान-खांद्याची साधी हालचाल. शेवटी विचारले, 'आता शस्त्रक्रिया हवी का?' साध्या हालचालीच्या गटात शेकडा ६३ जणांनी होय म्हटले, नेमके व्यायाम करणाऱ्यांत फक्त शेकडा २० जणांनी.

आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २०२१ सालचा आहे. इंग्लंडमधील ७०८ रुग्णांपैकी काहींना भौतिकोपचारतज्ज्ञांनी (फिजिओथेरपिस्ट) सहा वेळांपर्यंत बोलावून व्यायाम करून घेतले. इतरांना एकदाच बोलावले, नीट समजावून सांगितले, घरी करायचे व्यायाम शिकवले आणि पाठवून दिले. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारलेले होते. सुईचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत थोडासा दिसला, वर्षाच्या हिशेबात नाही.

आहुपे किंवा घाटघरसारख्या घाटमाथ्यावरच्या गावातून रोज मंचर-नारायणगावला येऊन दहा दिवस शेक घेणे कोणाला परवडणार? एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली तर शेकापेक्षा प्रवासच महाग पडतो. वरील अभ्यासाचा अर्थ असा की एकदा जाणकाराकडून नीट शिकून घ्यावे आणि घरी नेमाने करावे. मशीनच्या शेकाने तात्पुरते बरे वाटते, पण कंडरेची ताकद वाढत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर आपल्या देशातील भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. लुळे पडलेले स्नायू हालचालीतून कामाला लावणे हे या शास्त्राचे मर्म होते आणि आजही आहे.

व्यायाम कसे करावेत?

एक नियम आधी लक्षात ठेवावा. व्यायाम करताना थोडे दुखले तर घाबरू नये. दुखणे रुपयात मोजले, तर आठ आण्यांपर्यंत चालेल. मात्र पुढच्या व्यायामाच्या वेळेपर्यंत ते पूर्ववत झाले पाहिजे. तसे झाले नाही तर वजन किंवा संख्या कमी करावी, व्यायाम बंद करू नये.

पहिले दोन आठवडे : दुखणे शांत करणे
१) झोका : चांगला हात टेबलावर टेकवून कमरेत वाकावे. दुखरा हात सैल सोडून विहिरीत सोडलेल्या दोरासारखा पुढे-मागे व गोल फिरवावा. दोन मिनिटे, दिवसातून तीन वेळा.
२) काठी : उताणे झोपून दोन्ही हातांनी काठी धरावी. चांगल्या हाताच्या जोराने दुखरा हात डोक्याकडे न्यावा. दहा वेळा.
३) फरे जुळवणे : ताठ बसून दोन्ही फरे मागे एकमेकांजवळ आणावेत, पाच आकडे मोजावेत, सोडावेत. खांदे कानाकडे उचलू नयेत. पंधरा वेळा.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत : ताकद आणणे
यासाठी सायकलची जुनी ट्यूब कापून पट्टी करावी व खिडकीच्या गजाला कमरेच्या उंचीवर पक्की बांधावी.
४) बाहेर ओढणे : खिडकीला चांगली बाजू करून उभे राहावे. दुखऱ्या हाताचे कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवावे, मध्ये टॉवेलची गुंडाळी धरावी. पट्टी पोटापासून बाहेरच्या बाजूला ओढावी आणि परत येताना हात झटकन न सोडता सावकाश आणावा. सावकाश परत येण्यातच या व्यायामाचा निम्मा गुण आहे.
५) मागे ओढणे : खिडकीकडे तोंड करून दोन्ही हातांनी पट्टी पोटाकडे ओढावी, फरे जुळवावेत.
६) भिंतीवरचे जोर : भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे छातीच्या उंचीवर टेकवावेत आणि जोर काढावेत.
७) ताण : दुखरा हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे न्यावा, दुसऱ्या हाताने कोपर हलकेच ओढून तीस आकडे मोजावेत. तीन वेळा.

क्रमांक चार ते सहा हे व्यायाम पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्यांत करावेत. पहिल्या आठवड्यात एकच फेरी चालेल. सकाळी व संध्याकाळी करता आले तर उत्तम.

सातव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत : कामाची तयारी
८) अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन हात बाजूने, किंचित पुढे ठेवून, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावा आणि सावकाश खाली आणावा. जमू लागले की लिटरची बाटली घ्यावी. नंतर हळूहळू डोक्याच्या वर न्यावा, कारण आपले काम तिथेच असते.
९) भिंतीऐवजी ओट्यावर हात टेकून जोर काढावेत.
आधीचे पट्टीचे व्यायाम चालूच ठेवावेत.

बरे वाटायला साधारण सहा आठवडे लागतात. चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडणारे रुग्ण मी पुष्कळ पाहतो. पेरलेले उगवायला वेळ लागतो, तसाच हा प्रकार. बारा आठवडे नेमाने करूनही फरक नसेल तर पुन्हा तपासून घ्यावे.

कामात काय बदल करावा?

काम पूर्ण बंद करण्याची बहुधा गरज नसते, आणि ते बऱ्याच जणांना शक्यही नसते. मांडवाखाली भक्कम स्टूलवर उभे राहावे, म्हणजे हात डोक्याच्या फार वर न्यावा लागत नाही. अर्धा तास वरचे काम झाले की दोन मिनिटे हात खाली सोडावेत. टोळीत काम असेल तर मुकादमाने वरचे व खालचे काम आलटून-पालटून द्यावे. यात मालकाचे नुकसान काही नाही, उलट अनुभवी हात हंगामभर टिकतात. क्रेट एकट्याने खांद्याच्या वर फेकू नये. दोघांनी, पोटाजवळ धरून चढवावा. पाठीवरचा सोळा लिटरचा पंप अर्धाच भरावा आणि दांडा मारायचा हात बदलत राहावे. रात्री दुखऱ्या कुशीवर न झोपता दुसऱ्या कुशीवर झोपावे व छातीपुढे उशी घेऊन दुखरा हात तिच्यावर ठेवावा.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

हात गळ्यात बांधून विश्रांती द्यावी का?
नाही. दोन-चार दिवस जड काम टाळावे, पण हात हलवत राहावा. बांधून ठेवलेला खांदा आखडतो.

दुखण्याच्या गोळ्या किती दिवस घ्याव्यात?
झोप लागावी व व्यायाम करता यावा, एवढ्यापुरत्या काही दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने आठवडेच्या आठवडे घेतल्यास जठरात व्रण होतो, मूत्रपिंडांना इजा पोहोचते. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

खांद्यात सुई घेऊ का?
रात्रीची झोपच उडाली असेल तर एखादी सुई उपयोगी पडते. मिळालेल्या आरामाच्या काळात व्यायाम सुरू करावा. पुन्हा पुन्हा घेऊ नये. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, हे ध्यानात ठेवावे.

एमआरआयमध्ये कंडरा 'झिजली' असे आले. आता?
वय वाढले की केस पिकतात, तशी कंडराही झिजते. साठीनंतर मुळीच न दुखणाऱ्या कितीतरी खांद्यांतही अशी झीज, अगदी फाटही दिसते. उपचार फोटोवर नव्हे, हाताच्या ताकदीवर ठरवावा. सुरुवातीलाच एमआरआय काढण्याची सहसा गरज नसते.

मालिश केली तर चालेल का?
हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. पण हाडवैद्याकडून झटका देऊन खांदा 'बसवून' घेऊ नये. तो निखळलेलाच नसतो, तर बसवायचा काय?

व्यायाम शिकायचे कोणाकडून?
नोंदणीकृत भौतिकोपचारतज्ज्ञांकडून. महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे, त्यामुळे नोंदणी विचारण्यात संकोच करू नये. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ही सोय कोणत्या वारी मिळते याची चौकशी करावी. जाताना घरातील एकाला बरोबर न्यावे, म्हणजे शिकवलेले दोघांच्या लक्षात राहते. आणि 'शेक द्या' असे न म्हणता 'घरी करायचे व्यायाम शिकवा' असे सांगावे.

थोडक्यात, खांदा दुखू लागला तर आधी धोक्याच्या खुणा नाहीत याची खात्री करून घ्यावी. मग सायकलच्या ट्यूबची एक पट्टी, पाण्याची एक बाटली आणि रोजची वीस मिनिटे एवढ्या भांडवलावर बारा आठवडे काढावेत. छाटणीच्या हंगामाची वाट न पाहता दोन महिने आधीच हे व्यायाम सुरू केले, तर पुष्कळांना दवाखान्याची पायरी चढावी लागणार नाही.